मोटरहोम भाड्याने घेण्याआधी आत खाली बसून बघा

बारा दिवस समुद्राच्या कडेकडेने मोटरहोममधून फिरून कालच परत आलोय. मी, नवरा, आमची दोन कुत्री भुऱ्या आणि चिंगी, आणि माझी सायकल. कपडे अजून दोरीवर वाळतायत पण सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते, कारण बुकिंग करायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्या सगळ्यांत बेड किती मऊ, ओटा किती मोठा, शॉवरच्या पाण्याला जोर आहे का हेच होतं, कुत्री घेऊन जाणाऱ्याला जे आधी कळायला हवं ते कुठेच सापडलं नाही. भुऱ्या २८ किलोचा, तीन वर्षांचा, कितीही पळवा त्याला कमीच. चिंगी ९ किलोची, अकरा वर्षांची, मागचे पाय दुखतात, तिला बाकी काही नको, आपली माणसं नजरेसमोर पाहिजेत.

गाडी सात मीटर लांब, २.९ मीटर उंच, मागे आडवा कायमचा बेड आणि त्याच्याखाली बाहेरून दार असलेली सामानाची मोठी जागा, तिला गॅरेज म्हणतात. आम्ही हीच गाडी निवडली ती या गॅरेजसाठी. माणसांच्या सोयीचं बघाल तर गाडीला नाव ठेवायला जागा नाही, सगळं नीट चालत होतं, दिवे, पाणी, झोपायची जागा, कशाबद्दल तक्रार नाही. पण आपण गाडी बघतो उभं राहून, आणि कुत्री राहतात जमिनीवर. मी दुसऱ्या दिवशी चिंगीला औषध द्यायला खाली मांडी घालून बसले तेव्हा मला ही गाडी पहिल्यांदा खरी दिसली.

झालं असं की चिंगीचं अंथरूण आम्ही किचनच्या कपाटाला लागून टाकलं होतं, तिथून तिला दोघंही दिसतो म्हणून. पहिल्या रात्री ती तीनदा उठून दाराशी जाऊन झोपली. मी परत आणून ठेवायची, ती परत उठायची. मला वाटलं नवीन जागा, सवय नाही. सकाळी हात लावून बघितला तर त्या कोपऱ्यात जमिनीतून गार वारा येत होता, कपाटाच्या पायाशी जाळी लावलेलं एक भोक, मुठीएवढं. मग मी काय केलं, दाराजवळची रबराची मॅट उचलली आणि भोकावर घालून वर अंथरूण टाकलं, झाला वारा बंद. नवऱ्याने गाडीचं पुस्तक वाचत वाचत ते पाहिलं आणि लगेच मॅट काढायला लावली. ते भोक गॅससाठी असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यातला प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे कुठे गळती झाली तर गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली साठतो, आणि तो गाडीच्या बाहेर पडावा म्हणून जमिनीत ही भोकं ठेवलेली असतात. म्हणजे गॅस साठला असता तर आधी चिंगीच्या नाकाच्या उंचीवर साठला असता, आमच्या नाकाला वास येईपर्यंत ती त्यात झोपलेली असती. हे लिहिताना आत्ताही पोटात कसंतरी होतंय.

गाडी देणाऱ्यांनी दीड तास सगळं समजावलं होतं, टीव्हीचा रिमोट सुद्धा, या भोकांबद्दल एक शब्द नाही, आणि बुकिंगमध्ये दोन कुत्री येणार हे स्पष्ट लिहिलेलं होतं. हे मला अजिबात आवडलं नाही आणि त्यांना मी तसं सांगितलं. गाडी ताब्यात घेताना गुडघ्यावर बसा, सगळी भोकं मोजा, गॅसचा अलार्म खाली जमिनीजवळ आहे का बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र वेगळा लागतो, तो वायू हवेत मिसळून सगळीकडे पसरतो त्यामुळे तो झोपायच्या जागेजवळ पाहिजे. आमच्या गाडीत दोन्ही होते, ही जमेची बाजू. चिंगीला शेवटी पुढच्या फिरत्या सीटच्या मागे जागा दिली, तिथे ती एका झटक्यात घोरायला लागली.

आता गरमीचं. समुद्रावर वारा असतो त्यामुळे आपल्याला बरं वाटतं पण कुत्र्याचं गणित वेगळं. त्याचं अंगच ३८.३ ते ३९.२ अंशाला असतं, घाम येतो तो पंजांना थोडासा, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर, आणि हवेत दमटपणा जास्त असला की तोंडातली वाफ उडतच नाही, म्हणजे धापा टाकून पण उपयोग कमी. बंद कारमध्ये बाहेर २४ अंश असताना अर्ध्या तासात आत ४०च्या वर जातं. मोटरहोमच्या भिंती जाड असतात, तापायला जरा वेळ लागतो, पण त्या वेळावर विसंबून कुत्र्याला सोडून जायचं नाही. या गाडीत एसी आहे पण तो बाहेरची विजेची लाइन जोडली तरच चालतो, बॅटरीवर नाही. चौथ्या दिवशी कॅम्पसाइटवर लाइन जोडून, एसी लावून, दोघं पाणी पिऊन झोपलेत बघून आम्ही दहा मिनिटांवरच्या वाळूवर गेलो. सोबत घरून आणलेला तापमानाचा सेन्सर आत ठेवलेला, तो मोबाइलवर मेसेज पाठवतो. पाऊण तासाने मेसेज आला, २९ अंश. लाइन ट्रिप झाली होती. धावत आलो, दोघं ठीक होते, भुऱ्या दारातच उभा, चिंगी टाइल लावलेल्या बाथरूमच्या जमिनीवर पोट टेकून. त्यानंतर आठ दिवस आमच्यापैकी एक जण कायम गाडीपाशी. छतावरचा पंखा मात्र या गाडीचा खूपच चांगला निघाला, १२ व्होल्टवर चालतो, आवाज कमी, आतली गरम हवा वर ओढून घेतो, रात्रभर चालवला तरी सकाळी बॅटरी भरपूर शिल्लक. बॅटरी लिथियमची आहे, साध्या लेड ॲसिडची असती तर निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही, उतरवत राहिलं की लवकर मरते. हे बुकिंगच्या वेळी नक्की विचारा. ओली कुत्री आत आली की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, त्यालाही हाच पंखा उपयोगी पडला.

सायकल. जाहिरातीत लिहिलेलं, सायकल गॅरेजमध्ये मावते. नाही मावत. गॅरेजचं दार १०५ सेंटिमीटर उंच आणि माझ्या सायकलचं हँडल त्याहून थोडं वर. मग त्यांनी मागे लावायचा रॅक दिला, फुकट दिला हे खरं, पण रॅक १५ किलो, सायकल बॅटरीवाली म्हणून २५, असे ४० किलो गाडीच्या अगदी शेपटीला. मागच्या चाकाच्या दोन मीटर मागे ४० किलो टांगले आणि पुढच्या मागच्या चाकांत चार मीटर अंतर असेल तर ते लहान मुलांच्या सीसॉसारखं होतं, मागच्या चाकांवर ६० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २० कमी होतात. ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी ओल्या गवतावरून निघताना पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, नवऱ्याने पाण्याची टाकी निम्मी रिकामी केली, मी सायकल काढली, मॅट चाकाखाली घातली तेव्हा बाहेर आलो. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, १०० लिटरची टाकी आमची जवळजवळ मागच्या बाजूलाच होती.

पण खरं दुःख वेगळं. दोन दिवस सायकल रॅकवर होती, वरून कव्हर, तरी चेनवर नारिंगी गंज. समुद्राजवळच्या रस्त्याची ती खारी बारीक फवार कुठूनही आत शिरते. ती सायकल मी स्वतः साफ करते, कुणाला हात लावू देत नाही, त्यामुळे संध्याकाळभर फडकं घेऊन बसले. गोड्या पाण्याने हळू धुतली, जोराचा फवारा मारला नाही कारण त्याने मीठ आणि वाळू बेअरिंगच्या आत ढकलली जाते, पूर्ण वाळवली, मग तेल, एकेका कडीवर एक थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून काढलं कारण चिकट चेनला वाळू लगेच चिकटते. नंतर आम्ही रॅक रिकामाच घडी करून ठेवला आणि सायकल पुढचं चाक काढून, हँडल आडवं वळवून, जुन्या चादरीत गुंडाळून गॅरेजमध्येच आडवी घातली. रोज काढा घाला दहा मिनिटं जातात पण मला ती दहा मिनिटं परवडली. मागच्या कॅमेऱ्यासमोरचा अडथळा पण गेला, रॅकवर सायकल असताना त्यात नुसतं चाकच दिसायचं.

आणि या सगळ्या खटपटीचं फळ म्हणजे सकाळची सायकल. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू इतकी घट्ट होते की चाकाची नुसती रेघ उमटते, वरची कोरडी वाळू मात्र चाक गिळते. भुऱ्या बाजूने पळत, चिंगी मागच्या छोट्या ट्रेलरमध्ये कान उडवत बसलेली. एकदा मी थांबून मागे पाहिलं तर तीन रेघा, एक माझी जाड आणि ट्रेलरच्या दोन बारीक, आणि त्यांच्या बाजूने भुऱ्याचे पंजे, मध्येच पाण्याकडे गेलेले, परत आलेले. फोटो काढला नाही, बघत राहिले. त्याला पूर्ण वेळ पळवत नाही बरं का, पंधरा मिनिटं पळणं, मग चालणं, मग गोडं पाणी. गोडं पाणी सोबत पाहिजेच, कारण तहानलेलं कुत्रं समुद्राचं पाणी पितं, त्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, आधी उलट्या जुलाब आणि जास्त प्यायलं तर जिवावर बेततं. वाळूत बॉल फेकू नका, प्रत्येक वेळी बॉलबरोबर वाळू पोटात जाते, आम्ही दोरी फेकायचो. किनाऱ्यावर पडलेला जेलीफिश मेलेला दिसला तरी डंख मारतो, तिथून लांब.

वेळ मात्र समुद्र ठरवतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे रोज सगळं जवळजवळ ५० मिनिटं पुढे सरकतं. पहिल्या दिवशी सकाळी सहाला ओहोटी होती, आठवड्याने त्याच वेळेला भरती, सायकल चालवायला वाळूच नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यात आम्ही सकाळी आराम आणि दुपारी सायकल असं केलं, तेव्हा वाळू तापलेली असते, हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली तरच कुत्र्यांना उतरवायचं. पौर्णिमेला उधाण होतं, तेव्हा पाणी आदल्या आठवड्यापेक्षा बरंच वर आलं. गाडी वाळूवर न्यायची नाहीच, पण कडेला लावताना सुद्धा सुकलेल्या शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर लावा.

बाकी पटकन. फ्रिज गॅसवर आणि लाइनवर चालणारा, तो गाडी सपाट उभी नसेल तर नीट थंड करत नाही, समुद्राकडे उतरत्या जागेवर आम्हाला चाकाखाली उतरंडीचे ठोकळे घालावे लागले. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी बाहेर काढून रिकामी करायची ते, दोघांना दोन दिवस पुरतं, ठरलेल्या जागीच रिकामं करायचं. बाहेरचा शॉवर गरम पाण्याचा आहे, आणि या गाडीतली माझी सगळ्यात आवडती वस्तू तीच. दारात उभं करून भुऱ्याचे पंजे, पोट, कानामागे, सगळं धुऊन मग आत, त्यामुळे वाळू पायरीवरच राहायची. कुत्र्यांना प्रवासात बांधायला मात्र काहीच सोय नाही, आम्ही हार्नेस सीटबेल्टला अडकवले, पण मोठ्या कुत्र्याला जमिनीत बोल्ट केलेली कडी हवी.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा भोकांबद्दल न सांगितल्याचा कापला, एक सायकल मावते असं खोटं लिहिल्याचा. गाडी परत देताना पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून आले, जाळीवर कुत्र्याचं अंथरूण टाकू नका, आणि काउंटरवरच्या मुलाने ते वाचून फोटो काढून घेतला. पुढच्या वेळी याच मांडणीची गाडी घेणार, गॅरेजच्या दाराची उंची फोनवर टेपने मोजून सांगायला लावणार, आणि गाडी बघायला जाताना चिंगीला बरोबर नेणार, ती जिथे आपणहून झोपेल तिथेच तिचं अंथरूण.