ऐरोलीचे फ्लेमिंगो आणि घारापुरी एकाच बोटीत? आमचे १३,८०० रुपये गेले

‘ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो, तिथूनच पुढे घारापुरीची लेणी, संध्याकाळी परत’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर एक रुपयाही पाठवू नका. अशी सहल मुळात नाहीच. ऐरोलीची अभयारण्याची बोट खाडीत फिरवते आणि त्याच जेटीवर आणून सोडते. घारापुरीला ती जात नाही.

ह्यांच्या आत्या सोलापूरहून आमच्याकडे कळव्याला आल्या होत्या. त्यांना घारापुरीची त्रिमूर्ती बघायची फार इच्छा होती, मुलांना फ्लेमिंगो. फेब्रुवारी म्हणजे पक्ष्यांचा ऐन हंगाम. एका दिवसात दोन्ही होतंय म्हटल्यावर कोणीही चौकशी करेल, तशी मी केली. त्या पानावरची माहिती खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगते. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा आहे, सगळं अचूक लिहिलेलं. वर वनखात्याचं बोधचिन्ह. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा, घाई न करणारा. “काकू, आजींना पायऱ्या जमणार नाहीत, डोली सांगून ठेवतो,” म्हणाला. घारापुरीला खरोखरच डोल्या मिळतात. एवढी बारीक माहिती असलेल्या माणसावर संशय कुठून येणार?

पैसे तीन हप्त्यांत घेतले. आम्ही मोठे चार आणि मुलं दोन. पॅकेज माणशी १,४५० प्रमाणे ८,७००. दुसऱ्या दिवशी लेण्यांचं तिकीट आणि वनखात्याचा परवाना, माणशी ३५० प्रमाणे २,१००. आदल्या रात्री लाइफ जॅकेटचं डिपॉझिट, माणशी ५०० प्रमाणे ३,०००, ‘उतरल्यावर लगेच परत’. एकूण १३,८००. तिन्ही वेळा पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेले, खात्याच्या किंवा संस्थेच्या नाही. विचारलं तर म्हणाला, ते आमचे अकाउंटंट.

आणि तारीख सोमवारची! शनिवार-रविवार फुल्ल आहे, सोमवारी गर्दी नसते, आजींना बरं पडेल, असं त्यानेच सुचवलं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. दर सोमवारी. हे मी पूर्वी वाचलेलं आहे, शाळेच्या सहलीच्या वेळी तर त्यावरून तारीखही बदलली होती. तो सोमवार म्हणाला त्या क्षणी फोन ठेवायला हवा होता, हे आता रात्री झोप लागत नाही तेव्हा पुन्हा पुन्हा आठवतं. पण समोरचा आत्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता, आणि मंगळवारी रात्री त्यांची परतीची गाडी होती. अशा वेळी कोणाचं लक्ष वाराकडे जातं?

दुसरी खूण तिकिटाची. घारापुरीला भारतीयांना तिकीट ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागतच नाही. माझी मुलं नऊ आणि बारा वर्षांची. तिसरी खूण वेळेची. ‘बोट रोज सकाळी १० वाजता’. खाडीत ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो, म्हणून खऱ्या बोटींची वेळ भरतीवर ठरते आणि रोज पुढे सरकते. ‘रोज दहा’ म्हणणारा माणूस खाडीवर बोट चालवतच नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सोमवारी ऐरोलीला पोचलो. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने पावती पाहिली आणि म्हणाला, “ताई, ही आमची नाही.” सत्तरी ओलांडलेल्या आत्या उन्हात उभ्या. “माझ्यामुळे तुमचे पैसे गेले,” असं त्या म्हणाल्या, ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं. मी तिथूनच त्याला फोन लावला तर म्हणे बोट नादुरुस्त आहे, परताव्यासाठी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका. तो मी टाकला नाही. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, आजच सांगा.

पुढचा मनस्ताप वेगळाच. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, गेट ऐरोलीत, म्हणजे नवी मुंबईची हद्द, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे कळव्यातून पाठवलेत, म्हणजे ठाण्याची हद्द. खाडीच्या दोन काठांवर दोन आयुक्तालयं, आणि मधे आम्ही, सोबत दमलेल्या आत्या. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात घेतलीच पाहिजे, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये आहे. ह्यांनी ते मोबाइलवर काढून दाखवलं, तर साहेब म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवू नका. तेरा हजारच गेलेत ना? लोकांचे तेरा लाख जातात.” तेरा हजारच! आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि मुलांची फी त्यात होते. बँकेने तर दोन मिनिटांत हात झटकले. पैसे पाठवताना पिन तुम्हीच टाकलात, म्हणून जबाबदारी तुमची. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं तर लेखी अर्ज द्या, आणि अर्ज दिला तर पोलिसांचं पत्र आणा. पत्र देणारे पोलीस तक्रारच घेत नव्हते. शेवटी एका ओळखीच्या वकिलांना सोबत नेल्यावर ती नोंदवून घेतली. ओळख नसलेल्याने काय करायचं?

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पोलीस ठाण्यात नंतर जा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता आले तरच मिळण्याची आशा असते. आमचा सगळा दिवस हद्दीच्या वादात गेला. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा, कारण त्याने नंतर सगळे मेसेज पुसून टाकले.

ते पान वेगळ्या नावाने अजून चालू आहे, फोटो तेच. कोणाचे पैसे असेच गेले असतील तर रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका, तक्रार नोंदवाच. त्या एका खात्याविरुद्ध जितक्या तक्रारी होतील, तितकं ‘तेरा हजारच ना’ म्हणणं त्यांना अवघड जाईल.