जँगो आठ महिने वापरून: स्टॅटिक फायलींपुरतं बोलतो

रावेरला मामांचा केळीचा व्यवहार. कापणीच्या पावत्या आणि नवती-पिलबागचे (नव्या लागवडीची केळी आणि पिलांपासून धरलेल्या बागेची केळी) रोजचे भाव ठेवायला मी जँगोवर, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या चौकटीवर, छोटं ॲप बनवलं. डेटाबेस, लॉगिन यांबद्दल तक्रार नाही, आणि ॲडमिन, म्हणजे नोंदी बघायची-बदलायची तयार पानं, हा तर फुकटात मिळालेला मुनीम. रडवलं ते सीएसएस (पानाचे रंग-रूप ठरवणारी फाइल) आणि चित्रांनी, म्हणजे स्टॅटिक फायलींनी.

सुरुवातीला लाडच झाले. ॲपच्या फोल्डरात 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर केलं, टेम्प्लेटमध्ये 'लोड स्टॅटिक' लिहिलं, रनसर्व्हर (जँगोचा कामापुरता सर्व्हर) लावला की पान रंगीत. सेटिंग्जला हातही लावला नाही.

मग 'पावती' आणि 'भाव' या दोन्ही ॲपांत (जँगोत प्रकल्पाच्या एकेका भागालाही ॲपच म्हणतात) मी 'स्टाइल' नावाचीच सीएसएस ठेवली. भावाच्या पानाला पावतीचे रंग! संध्याकाळभर कंट्रोल-एफ५ बडवत ब्राउझरच्या कॅशला शिव्या दिल्या. जँगो मात्र सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स' या यादीच्या क्रमाने शोधतो आणि पहिली सापडली ती देऊन मोकळा होतो. फाइल कुठे आहे ते सांगणारी 'फाइंडस्टॅटिक' ही कमांड चालवली तेव्हा दोन्ही पत्ते एकाखाली एक दिसले. तेव्हापासून स्टॅटिकच्या आत ॲपच्या नावाचं आणखी एक फोल्डर करतो. दिसायला येडपट, पण भांडण मिटतं.

खरा दणका पुढे. मामांच्या गादीवरच्या लॅपटॉपवर ॲप टाकताना शहाणपणाने 'डीबग' (चुका तपशिलात दाखवणारं, फक्त बनवतानाचं सेटिंग) बंद केलं. सकाळी फोन: "काय रे भो, रंग कुठे उडाले?" ॲडमिनसुद्धा उघडंबोडकं. डीबग बंद असलं की रनसर्व्हर स्टॅटिक फायली देतच नाही. रनसर्व्हरला '--इनसिक्युअर' (असुरक्षित) जोडून त्या मिळतात, पण नावातच इशारा आहे, आणि तो मी त्या दिवशी मानला नाही, हे कबूल.

पुढच्या रविवारी नीट बसलो. 'स्टॅटिक रूट'ला वेगळं रिकामं फोल्डर दिलं, 'कलेक्टस्टॅटिक' कमांडने सगळं तिथे गोळा केलं आणि स्टॅटिक फायली देणारं व्हाइटनॉइज हे पॅकेज बसवलं. त्याचं मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो मधला थर) सेटिंग्जच्या यादीत सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली लागतं. त्याचंच 'रनसर्व्हर_नोस्टॅटिक' ॲपांच्या यादीत जँगोच्या स्टॅटिकफाइल्सच्या वर टाकलं, त्यामुळे घरी काम करतानाही फायली व्हाइटनॉइजच देतं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

नंतर हे सगळं लिनक्स सर्व्हरवर नेलं, तर लोगो गायब. फायलीच्या नावात एक अक्षर कॅपिटल होतं, विंडोजने ते कधी मनावरच घेतलं नव्हतं.

पावत्यांचे फोटोही मी आधी स्टॅटिकमध्येच कोंबत होतो. वापरणाऱ्याने चढवलेलं ते मीडिया, त्याची वाट वेगळी. व्हाइटनॉइज त्यासाठी नाहीच.

डीबग बंद असताना रनसर्व्हर नेहमीसारखा सुरू होतो आणि फायली देणार नाही याबद्दल चकार शब्द काढत नाही, याचा राग अजून आहे. तरी स्टॅटिकपुरते पाचपैकी साडेतीन. मामांना विचाराल तर ते पाच देतील. त्यांनी ते पांढरं पान एकाच सकाळी पाहिलं.