वीस वर्षे शेडमध्ये उभा असलेला पिकअप आणि वणीजवळचे एक गॅरेज

आमच्याकडे महिंद्राचा एफसी-१५० हा जुना पेट्रोल पिकअप आहे. बाबांनी तो सेकंडहँड घेतला होता आणि सरकी, खत, बियाणे व हंगामात कापूस अशी पुष्कळ वाहतूक त्याने केली. २००४ च्या दिवाळीनंतर तो कोठ्यालगतच्या शेडमध्ये जो उभा राहिला, तो गेल्या डिसेंबरपर्यंत जागचा हलला नव्हता. वणीहून मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका गॅरेजने तो पुन्हा चालता केला. गॅरेजला पाटी नाही, पण परिसरात ‘जीपवाले मिस्त्री’ म्हटले की कोणीही दाखवून देते.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मेकॅनिकने नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारला होता. इंजिन आतून जाम होते. परिणामी सेल्फ (स्टार्टर मोटर) ज्या दातांना धरून इंजिन फिरवतो ते फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजले आणि सेल्फही जळाला. त्यामुळे हे मिस्त्री घरी आले तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच पाहत होतो. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. “सेल्फ मारू नका भाऊ, आंधी हातानं फिरवून पाहू,” एवढेच ते म्हणाले. नंतर एअर क्लीनर उघडला, तर उंदराने आमच्याच कापसाचे आणि सरकीच्या टरफलांचे मुठीएवढे घरटे त्यात केलेले निघाले. ते कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, ओढले गेले असते तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

चारही प्लग काढून त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचे लाल तेल समप्रमाणात मिसळून सोडले आणि इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून ठेवला. रोज सकाळी फक्त हाताच्या जोराने पाना मागे-पुढे करून पाहायचा, पाइप घालून जोर लावायचा नाही, अशी त्यांची सक्त सूचना होती. आठ दिवस काहीच झाले नाही. नवव्या दिवशी पाना दोन बोटे सरकला आणि पिस्टनच्या रिंगांभोवतीचा गंज सुटल्याचा हलका, करकरता आवाज आला. मी लगेच फोन केला. तेव्हाही “काहाले घाई करता?” म्हणून त्यांनी आणखी तीन दिवस तसेच चालू ठेवायला लावले.

इंजिन पूर्ण फिरू लागल्यावरच रिकव्हरी व्हॅनवरून गाडी गॅरेजमध्ये नेली. ट्रॅक्टरला दोर बांधून नेण्याची माझी कल्पना त्यांनी साफ नाकारली, कारण गाडीला ब्रेक नव्हते. हे इंजिन विलीज या अमेरिकी जीप कंपनीच्या परंपरेतले हरिकेन, साधारण २.२ लिटरचे आहे. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे वरचे झाकण उघडून सगळे ठीक दिसले तरी खालचे व्हॉल्व्ह अडकलेले असू शकतात. आमचे दोन अडकलेलेच होते. मिस्त्रींनी बाजूची प्लेट काढून ते सोडवले, पेस्ट लावून घासून बसवले आणि मगच नवे ऑइल भरले. पहिल्यांदा स्टार्ट करण्यापूर्वी प्लग न लावता, दुरुस्त केलेल्या सेल्फवर इंजिन थोडे थोडे फिरवून ऑइलचा दाब आल्याची त्यांनी खात्री केली. बेअरिंग कोरडे असताना इंजिन चालू होऊ नये यासाठी ही दहा मिनिटे आवश्यक असतात, आणि नेमकी हीच दहा मिनिटे अनेक ठिकाणी वाचवली जातात.

पेट्रोलच्या टाकीत तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकट, आंबूस वासाचा थर होता. टाकी उतरवून त्यांनी तीत मूठभर नटबोल्ट आणि पाणी घालून ती हलवली, धुतली, उन्हात वाळवली आणि पुन्हा धुतली. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा धरते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही, म्हणून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा, कार्ब्युरेटरचे किट आणि सगळे होज (रबरी नळ्या) त्यांनी आजच्या पेट्रोलला चालतील असेच बसवले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, असेही बजावले.

मला या गॅरेजबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो ब्रेकच्या कामामुळे. इंजिन जानेवारीतच चालू होण्याच्या स्थितीत आले होते आणि आवाज ऐकायला घरचे सगळे अधीर होते. तरीही ब्रेक पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी गाडी स्वतःच्या ताकदीवर एक फूटही हलू दिली नाही. या गाडीत ब्रेकची एकच लाइन आहे, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर वणीतील लेथवर आतून नवी स्लीव्ह (नळी) टाकून घेतले, सगळी रबरे बदलली, आणि गंजलेले पाइप न जोडता नवी बंडी पाइप (ब्रेकची स्टीलची नळी) सरळ शेवटपर्यंत ओढली. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूंना बोटाचे नख जाईल एवढ्या चिरा होत्या. ते टायर त्यांनी माझ्यादेखत कापून टाकले, म्हणजे पुन्हा कोणी ते चढवणार नाही.

इंजिनचे सुटे भाग मिळायला अडचण आली नाही, कारण हेच इंजिन महिंद्राच्या जीपमध्ये वर्षानुवर्षे होते. काही भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून कुरिअरने आले. केबिनचे भाग मात्र मिळत नाहीत. समोरच्या काचेचे रबर अजून जुनेच आहे आणि पावसात ते गळणार.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सव्वा महिना म्हटलेले काम साडेतीन महिन्यांवर गेले, कारण कापसाच्या हंगामात मालवाहू गाड्यांना प्राधान्य मिळते आणि आमची गाडी मागे पडत राहिली. रेडिएटर त्यांनी बाहेरून करून आणला, तो पहिल्याच आठवड्यात गळला. पुन्हा केला, पैसे घेतले नाहीत, पण हेलपाटा झाला. पक्के बिल मिळत नाही. एकूण ८६,००० रुपये लागले, त्यांपैकी मजुरी २७,०००. प्रत्येक भागाचा हिशेब वहीत लिहिलेला होता आणि काढलेले सगळे जुने भाग पोत्यात भरून परत दिले.

अशा जुन्या पिकअपलाही व्हिंटेज नोंदणी मिळेल, असा कागदपत्रांबाबत एक गैरसमज आढळतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांतील व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहे. मालवाहू पिकअपला ती लागू नाही. आमच्या गाडीची फिटनेस आणि नोंदणी नूतनीकरणाची प्रक्रिया बाकी आहे, तोवर ती शेतातच फिरते.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला तेव्हा दुपारी ती दोनदा बंद पडली. या गाडीत इंजिन दोन सीटांच्या मध्येच असते, त्यामुळे त्याच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटत होता. मिस्त्रींनी गावात येऊन पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली, तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली आणि तात्पुरती सोय म्हणून गाडीच्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायला शिकवले. त्यानंतर बाबांनी स्वतः ती धुऱ्याधुऱ्याने विहिरीपर्यंत नेऊन आणली. ५०० किलोमीटर झाल्यावर हेडचे बोल्ट आवळायला आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) तपासायला गाडी परत बोलावली आहे. सध्या १८० किलोमीटर झाले आहेत.