बॅड बडी : वैर दोन घरांचं, जीव दोन पोरांचा

पहिलेच सांगते, मी काही थाई सिरीयलवाली नाही. कोरियन ड्रामापर्यंत मजल गेलेली होती, तेवढीच. पण नाशिकला होस्टेलला असताना माझी रूममेट रात्री पांघरुणात तोंड घालून खी खी करायची आणि विचारलं की म्हणायची बीएल बघतेय, म्हणजे बॉईज लव्ह, दोन पोरांच्या प्रेमाच्या सिरीयली, तू नको बघू तुला झेपणार नाही. ते डोक्यात राहिलं होतं. तर यंदा मे महिन्यात, अमळनेरात ४४ डिग्री, लाईट गेलेली, धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, गाद्या टाकलेल्या, बाजूला आईने वाळवलेले बिबडे गोळा करून ठेवलेले आणि झोप येण्याचं काही नाव नाही, म्हणलं लाव बाई एकदाची. तिनेच सांगितलेली, बॅड बडी. १२ भाग आहेत, चार रात्रीत संपवली, आणि आठ दिवसांनी परत पहिल्यापासून लावली, यावरून काय ते समजून घ्या.

स्टोरी म्हणाल तर आपल्या गल्लीतलीच आहे. पॅट आणि प्रान, घरं एकमेकांना लागून, आणि दोन्ही घरांचं हाडवैर. म्हणजे पोरांना लहानपणापासून एकच शिकवलेलं, बाजूच्याला हरवायचं, मार्कात हरव, खेळात हरव, कशात पण हरव. शाळेत एकदा दोघं मिळून बँडमध्ये वाजवतात तर प्रानची आई डायरेक्ट त्याची शाळाच बदलते. मग काही वर्षांनी एकाच युनिव्हर्सिटीत परत समोरासमोर, पॅट इंजिनियरिंगला, प्रान आर्किटेक्चरला, आणि या दोन फॅकल्टीच्या पोरांच्या रोज मारामाऱ्या. चारचौघात कॉलर धरायची आणि कोणी बघत नसलं की गुपचूप भेटून तह करायचा. पुढे तर आधी प्रेमात कोण पडतो यावरपण पैज लावतात येडे, कारण हरायचं तर कोणालाच नाही.

मला ही इतकी का आवडली ते सांगते, त्यासाठी आमच्या घरची भिंत सांगावी लागेल. आमच्या आणि चुलत काकांच्या घराच्या मधे एक भिंत आहे, माणसाच्या छातीएवढी. वाटणी झाली तेव्हापासून बाप माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, लग्नकार्यात पंगत पण वेगळी. पण दुपारी दोघं बाहेर गेले ना, की माझी आई आणि काकू त्या भिंतीवरून वाटी पास करतात. इकडून शेवभाजी जाते, तिकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा येतो. वाटी घासून, पुसून, रिकामी नाही, त्यात काहीतरी टाकूनच परत. आणि संध्याकाळी बाबा आले की दोघी अशा की जन्मात ओळख नाही. मी हे लहानपणापासून बघून राहिले. त्यामुळे पॅट बाल्कनीतून प्रानच्या खोलीत उतरतो आणि खालून आईचा आवाज आला की दोघं श्वास रोखून बसतात ना, तेव्हा मला हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. लोक म्हणतात मुलं क्यूट असतात म्हणून पोरी बघतात. असतील क्यूट, नाही कोण म्हणतं. पण या सिरीयलची खरी नशा ती चोरीची आहे, घरच्यांना कळू न देता कोणावर तरी जीव लावायची. ती आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे, मुलगा-मुलगी असो नाहीतर जावा-जावा.

आणि अजून एक, जे मला दुसऱ्या वेळी बघताना लक्षात आलं. अख्ख्या सिरीयलमधे पोरगा पोरावर प्रेम करतो याचा बाऊ नाही. घरचे भडकतात ते कशावर, तर "त्या घरातला" आहे यावर! म्हणजे दुसऱ्या घरचा मुलगा असता तर कदाचित चाललं असतं. हे मला जाम आवडलं, रडारड नाही, डॉक्टर नाही, देवऋषी नाही.

अॅक्टिंगचं बोलायचं तर पॅट म्हणजे ओम पवत आणि प्रान म्हणजे नानॉन कोरापट. ओम म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या पिल्लासारखा, मनातलं सगळं तोंडावर. नानॉन उलटा, सगळं गिळणारा. त्याचा जबडा बघा फक्त, राग आला की नाही ते तिथून कळतं. पाचव्या भागाच्या शेवटी गच्चीवरचा सीन आहे, त्याबद्दल जास्त बोलणार नाही, पण तो झाल्यावर मी फोन उलटा ठेवला आणि पाच मिनिटं नुसती आभाळाकडे बघत पडले होते. इतक्या दिवसांचं दाबलेलं एका मिनिटात बाहेर येतं आणि त्याच मिनिटात एकाला कळतं की आता आपली खैर नाही. डायरेक्टर नोप्पारनाच चायविमोल, याचीच ए टेल ऑफ थाउजंड स्टार्स पण आहे, ती पण २०२१ चीच, आता यादीत टाकलीय.

भाषेची एक मजा. थाई पोरं बोलताना वाक्याच्या शेवटी अदबीने "खप" "खप" करतात, लिहिताना ख्राप पण ऐकू खपच येतं, आणि मोठ्याला नावाआधी "पी" लावतात, म्हणजे आपलं दादा-ताई. माझी मोठी माय, म्हणजे आजी, बाजूला पडलेली, तिला वाटलं कोणी कोणाला तरी पाणी पी, पाणी पी म्हणतंय. नंतर तीच उठून बसली आणि म्हणे, "काय देखी ऱ्हायनी व?" आता ८० च्या घरातली बाई, तिला काय सांगणार. म्हणलं दोन शेजाऱ्यांची पोरं आहेत, बापांचं भांडण आहे, पोरांचं एकमेकांवर प्रेम आहे. ती थोडा वेळ बघत बसली, चष्म्याशिवाय काय दिसलं देव जाणे. मग म्हणे, "भांडन बापेसनं शे, पोरेसनं काय?" झालं, माझा रिव्ह्यू इथेच संपायला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिचा पुढचा प्रश्न, "मंग लगीन व्हयनं का त्यासनं?" म्हणलं सिरीयल आली तेव्हा, म्हणजे २०२१-२२ ला, तिकडे कायदाच नव्हता, आता २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमधे दोन पोरांचं लग्न कायदेशीर होतं. आपल्याकडे? आपल्याकडे असल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून २०१८ ला सुटका झाली पण लग्नाला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मधे नाही म्हणलं. मोठी माय बशीतला चहा फुंकत राहिली, काही बोलली नाही. आई मात्र आतून ओरडली, सकाळी सकाळी काय लावलंय.

आता नावं ठेवते. पहिले दोन भाग मारामारी आणि टोईंग टोईंग आवाजांत जातात, तिथे सोडू नका, मी सोडणार होते. मधेच पोरं एखाद्या पाकिटाचं नाव कॅमेऱ्याला दाखवून दाखवून खातात, जाहिरात आहे हे बाळाला पण कळेल. अकरावा भाग लांबवलाय, समुद्रकिनारा छान आहे पण किती वेळ बघायचा. आणि सिरीयल संपल्यावर यूट्यूब तुम्हाला त्या दोन ॲक्टरांचे इव्हेंट, मुलाखती, हात धरलेले फोटो सुचवत राहतं, ती जोडी विकायची जी पद्धत आहे ना तिकडची, ती मला नाही पटत, त्यांचं काम ॲक्टिंग करणं आहे, आपल्यासाठी बाहेर पण नवराबायको बनून फिरणं नाही. सबटायटल इंग्लिशमधे, मराठीचं तर नावच सोडा, त्यामुळे भाकरी थापता थापता बघायची सोय नाही. यूट्यूबवर फुकट आहे पण एकेक भाग चार तुकड्यांत कापलेला, बरोबर रंगात आलं की तुकडा संपतो. हां, बाजूच्या कथेत पॅटची बहीण पा आणि इंक नावाची मुलगी आहे, ते दोघींचं पण गोड आहे, अजून थोडं हवं होतं.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की दोन्ही घरं एका टेबलावर बसून हसत हसत जेवतात असलं काही नाही, आणि त्यामुळेच मला तो खरा वाटला. बापाला माहीत असतं, पोराला माहीत असतं की बापाला माहीत आहे, आणि बोलत कोणीच नाही. आमच्याकडे याच पद्धतीवर २० वर्षं चाललंय.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या टोईंग टोईंगचा कापला.

ता.क. मोठी मायने दुपारी भिंतीवरून काकूला सगळी स्टोरी सांगितली, स्वतःच्या मनाचं दोन-तीन प्रसंग घालून. काल वाटी द्यायला काकू आली तर हळूच विचारते, ती त्या दोन पोरांची सिरीयल मोबाईलवर पाठवशील का. म्हणलं पाठवते ना, त्यात काय. तर म्हणे पाठव, पण फोन तुझ्या काकांचा आहे, बघून झाल्यावर पुसायचं कसं ते पण सांगून ठेव.