न्गांबा बेट : अनाथ चिंपांझींचे घर

युगांडातील एन्टेबीहून वेगवान बोटीने साधारण पाऊण तासात व्हिक्टोरिया सरोवरातील न्गांबा बेट गाठता येते. सुमारे १०० एकरांच्या या बेटावर, शिकारी आणि तस्करांमुळे आईला मुकलेल्या चिंपांझींसाठी १९९८ मध्ये आश्रयस्थान सुरू झाले. आज तेथे सुमारे ५० चिंपांझी आहेत. उंच मचाणावरून, विजेच्या कुंपणाआडून, त्यांना फळे आणि भाज्या दिल्या जाताना पाहणे हा भेटीचा गाभा आहे. बहुतेकांचे रक्ताचे नाते एकमेकांशी नाही, तरीही वयाने मोठ्या माद्या पोरक्या पिल्लांना जवळ करतात, भांडणानंतर एकमेकांचे केस विंचरून समेट होतो आणि अन्न मिळवताना मानपान काटेकोरपणे पाळला जातो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नवे अनाथ सामावून घेता यावेत म्हणून माद्यांना गर्भनिरोधक दिले जाते, हा निर्णय कठोर वाटला तरी मला पटतो. चिंपांझींना हात लावण्याची किंवा त्यांच्यासोबत छायाचित्र काढण्याची हौस असणाऱ्यांनी येथे येऊ नये. बोटीमुळे सहल महाग पडते. मात्र दुर्बीण सोबत असेल, तर पैसे वसूल होतात.