चार तारांच्या बास गिटारवर खर्ज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचा गायक काळी एकमध्ये (सी शार्प) गातो. अभंगाचा शेवट जवळ आला की तो सा धरून थांबतो, मागे तंबोरा चालू असतो, आणि त्या क्षणी बासने खाली जाऊन खर्जातला सा द्यावा असं मला वर्षानुवर्षं वाटायचं. चार तारांच्या बासवर तो नसतो. सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली तरी ४१ हर्ट्‌झच्या खाली जात नाही आणि हा सा ३४.६५ वर आहे. फक्त तीन अर्धस्वरांचा फरक, पण तेवढ्यासाठी मी प्रत्येक कार्यक्रमात वरचा सा वाजवून वेळ निभावत होतो.

आधी सगळे करतात तेच केलं, खुंटी सैल केली. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. त्यामुळे ईवरून काळी एकवर उतरलं की जेमतेम ७१ टक्के ताण उरतो. तार लोंबते, फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते, आणि जरा जोरात छेडली की आधी चढी लागून मग सुरात येते. एरवी हे खपेल, पण शेजारी तंबोरा असताना बेसूरपणा लपायला जागाच नसते. जवारी (तार घोडीला हलकी घासून उठणारा झंकार) तंबोऱ्यावर शोभते, बासवर ती नुसती खडखड वाटते. तेव्हा ठरवलं, पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा चढवायच्या: बी, ई, ए, डी. पाच तारांचा बासच का घेतला नाही, असं खूप जणांनी विचारलं. हात चार तारांच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, घडलेला आहे, आणि आमच्या कामात वरच्या जी तारेला मी क्वचित हात लावतो.

आता बास कोणता, हा खरा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की इथे पिकअप (तारेचं कंपन टिपणारी चुंबकं) आणि रंग शेवटी बघावेत. आधी बघायची ती तारेची लांबी. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बास काढला तेव्हा ती ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बास त्याच मापाचे येतात. ३० इंची छोटा बास मी हाताळून पाहिला. हाताला फार सुखाचा, पण तीच तार त्याच सुरात लावली तर ताण २२ टक्क्यांनी कमी. खर्जासाठी नकोच. ३५ इंचीत उलट सहा टक्के ताण वाढतो, आणि बजेट असेल तर तो जरूर बघा. मी यामाहाचा टीआरबीएक्स १७४ घेतला: ३४ इंच, २४ फ्रेट, साधे पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारे, पिकअप.

दुकानात जाताना मी १३० जाडीची एक तार सोबत नेली होती. १३० म्हणजे इंचाचे १३० हजारांश, ३.३ मिलिमीटर, नेहमीची १००ची ई तार अडीच मिलिमीटर भरते. ही तार ब्रिजच्या (खालच्या घोडीच्या) भोकातून सहज जाते का, खुंटीच्या चिरेत बसते का, आणि सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे सरकायला जागा किती, हे तीन प्रश्न तिथेच सोडवले. दुसऱ्या एका बासवर खुंटीची चीर इतकी अरुंद होती की तार आत जाईना. तो तिथेच बाद.

तारा डॅडारियोच्या ईएक्सएल १७०-५ संचातल्या: १३०, १००, ८० आणि ६५. बी तार कापण्याआधी खुंटीपुढे बोटभर जास्त ठेवून काटकोनात वाकवून घ्या. सरळ कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावर सैल होतं आणि तार मेल्यासारखी वाजते. मी हे ऐकून होतो म्हणून वाचलो.

नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या, बाबतीत मात्र फसलो. मूळ खाचा बारीक तारांसाठी असतात, जाड तार त्यांत उतरत नाही, वरच बसून राहते. पहिल्या कारागिराने खाच घासली ती गरजेपेक्षा खोल. मोकळी बी तार पहिल्या फ्रेटला खडखडू लागली. खाण्याचा सोडा आणि फेविक्विक भरून महिनाभर काढला, मग दुसऱ्याकडून हाडाचा नवा नट बसवला. तो दोन वेळा घासायचा, तार लावायचा, ऐकायचा, पुन्हा घासायचा. जवारी काढणाऱ्या माणसाचा धीर लागतो या कामाला, आणि तो त्याच्याकडे होता. बी तारेचं इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) जुळवायला सॅडलमागची स्प्रिंग काढावी लागली. ट्रस रॉडला (नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईला) मात्र फारसं काम नव्हतं, कारण ‘जी’ तार गेली आणि ‘बी’ आली, एकूण ताण जवळपास तेवढाच. पुण्याच्या पावसाळ्यात जुलैत पाव फेरा फिरवला, दिवाळीनंतर परत घेतला, एवढंच.

वापराचं सांगायचं तर पहिले दोन महिने बोटं चुकत होती. नेहमीच्या जागी बोट ठेवलं की भलताच स्वर. सा आता बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे, हे डोक्याला कळतं, बोटांना उशिरा कळतं. क्लिपचा ट्यूनर मोकळी बी नीट धरत नाही. बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून वरचा स्वर काढला की लगेच धरतो. घरच्या आठ इंची अ‍ॅम्पवर खर्ज ऐकूच येत नाही, वरचे अंशस्वरच तेवढे कानावर येतात. सरावाला हेडफोन घ्या.

सगळ्यात मोठा धडा तालमीत मिळाला. मी खूश होऊन प्रत्येक समेवर खाली जात होतो. दुसऱ्या अभंगानंतर पखवाजवाले काका थांबले आणि म्हणाले, “अरे, माझा धामा गिळलास की रे!” बरोबरच होतं. धाम्याचा, म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा, घुमार आणि माझी बी तार एकाच जागेसाठी भांडत होत्या. तेव्हापासून ठेका भरात असेल तर मी वरच्या सप्तकात राहतो आणि काकांचा हात थांबला की खाली उतरतो. कार्तिकीच्या कार्यक्रमात शेवटच्या कडव्यानंतर गायकाने सा धरला, पखवाज थांबला, आणि मी दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून तार सोडली. गायकाने डोळे न उघडता मान माझ्याकडे वळवली. त्या तारेचा श्वास संपेपर्यंत कोणी हललं नाही.

पुढच्या महिन्यात तारा बदलायच्या आहेत. या वेळी फक्त बी तार १३५ची घेणार आहे. नटच्या खाचेत तेवढी जागा आहे का, ते त्या दुसऱ्या कारागिराकडून मोजून आणलंय.