फेअरपोर्ट कन्व्हेन्शन: 'हेडे' घ्यावा की चार सीडींचा संच?

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा ब्रिटिश फोक-रॉक बँड, आणि हे दोन्ही त्याच्या बीबीसी रेडिओवरच्या गाण्यांचे संग्रह. बीबीसीवर साठच्या दशकात रेकॉर्ड वाजवण्याच्या तासांना मर्यादा होती, म्हणून बँडना स्टुडिओत बोलावून गाणी ध्वनिमुद्रित करत. पुढे कित्येक फिती पुसल्या गेल्या.

१९८७ चा 'हेडे' फक्त १९६८-६९ पुरता, पण काय ऐवज आहे! सँडी डेनीचा कोवळा आवाज, रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि लेनर्ड कोहेनचं 'सुझॅन', जे बँडच्या तेव्हाच्या अल्बमांत नाहीच. २००७ चा चार सीडींचा संच 'लाइव्ह ॲट द बीबीसी' पुढच्या वर्षांतही शिरतो. त्यातली काही मुद्रणं श्रोत्यांनी घरी रेडिओवरून उतरवलेली, खरखरीसकट. मुरलेला संग्राहक त्यांच्यासाठीच हा संच शोधतो. नव्यानं ऐकणाऱ्यानं मात्र आधी 'हेडे'च घ्यावा. तिथं एकही गाणं भरतीचं वाटत नाही.